न्यायाधीशबाईंच्या कानात सांगायची गोष्ट

माबुले,
रविवार, दुपार

प्रिय अक्का,

तुझा धाकटा भाऊ मोदिरी याचा दोन्ही हात पुढे करून नमस्कार. तू कशी उठलीस, तुझे गुडघे कसे उठले, तिकडे फ्रान्सिसटाउनला पाऊस झाला का, ते सगळं कळव. इकडे पाऊस नाही. गुरं बरी आहेत, मी त्यांच्यापेक्षा जरा कमी बरा आहे. मी लोबात्सेच्या हायकोर्टात काहीतरी केलं, हे तुझ्या कानावर आलंच असेल. मला अटक झाली हे खोटं आहे. मला हाताला धरून बसवलं, एवढंच खरं. आता क्रमानं ऐक.

आमच्या शेजारच्या म्मा-तेबोगो तुला आठवतात. त्यांची लेक तेबोगो दोन वर्षांपूर्वी वारली आणि तिची मुलगी ओनालेन्ना आजीकडे राहिली. पोर आता नऊ वर्षांची आहे, पाढे घडाघडा म्हणते (शिकवले कोणी, हे सांगायला नकोच). तिचा बाप ओलेबिले हिऱ्यांच्या खाणीवर कामाला असतो. त्यानं लग्न केलं, घर बांधलं, आणि मग त्याला लेकीची आठवण आली. माणूस वाईट नाही, अक्का. वाईट असता तर मला झोप लागली असती. आजी म्हणाल्या, "माझ्या जिवात जीव आहे तोवर पोर देणार नाही," आणि प्रकरण हायकोर्टात गेलं.

यावर गाव गप्प बसेल का? आमच्या खोत्लाच्या, गावच्या चावडीच्या, बैठकीत गावप्रमुख खोसींनी विषय काढला आणि संध्याकाळपर्यंत एकही माणूस उठला नाही. आपल्यात वाकडं बोलणाऱ्यालाही आपलं बोलणं पुरं करू देतात, आणि त्या दिवशी माबुलेतले सगळे वाकडे बोलून गेले. शेवटी ठरलं ते असं, की मुख्य खोसींना आपण तोंडावर सांगतो, तर न्यायाधीशबाईंना का नाही? त्या काय आभाळातून पडल्या? त्यांना आपलं मत सांगायचंच. आणि सांगणार कोण, तर मोदिरी मास्तर. कारण मी एकतीस वर्षं हेडमास्तर होतो आणि माझ्याकडे कोट आहे. (कोटाचं कारण खोसींनी आधी सांगितलं, हे मला लागलं.)

मी सात पानी पत्र लिहिलं. म्मा-तेबोगोंची माया, ज्वारीचं शेत, पोरीच्या नीटनेटक्या वेण्या, सगळं घातलं. बाराव्या दिवशी पत्र परत आलं. वर रजिस्ट्रारची एक ओळ होती, की दुसऱ्या बाजूला न दाखवलेलं पत्र न्यायाधीशांपुढे ठेवता येत नाही. माझ्या पत्रात एकही चूक नव्हती, तरी परत! मला वाटलं, हा रजिस्ट्रारच आडवा आलाय, बाईंना गाठलं पाहिजे.

आणि देवानंच गाठ घातली म्हण. पलीकडच्या गावात एक म्हातारी वारली, ती बाईंची मावशी निघाली. मी शनिवारी पहाटे कोट घालून मातीला गेलो. (मयत बाईंना मी ओळखत नव्हतो, पण रडलो मनापासून.) नंतर जेवणाला सेस्वाच्या रांगेत कसाबसा त्यांच्या मागे लागलो. हातात रिकामी थाळी, पुढे पातेल्यात शिजवून कुटलेलं मांस, त्यावरून वाफ येतेय, आणि मी सुरुवात केली, "म्मा, ती माबुलेची पोर आहे ना, ओनालेन्ना..."

बाईंनी वळून पाहिलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, तुमचं मन चांगलं दिसतंय. पण इथे माझ्या कानात तुम्ही बोललात, तर उद्या दुसरा बोलेल. त्याची गाडी तुमच्यापेक्षा मोठी असेल. मग मी काय करू?"

"माझ्याकडे गाडीच नाही, म्मा."

"म्हणूनच सांगतेय," त्या म्हणाल्या आणि थाळी न भरताच रांगेतून निघून गेल्या. मावशीच्या मातीला आलेली बाई माझ्यापायी उपाशी गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण खरी फजिती मंगळवारी. कोर्ट भरलं, मी मागच्या बाकावर. बाई म्हणाल्या, "शनिवारी एका गृहस्थांनी या प्रकरणाबद्दल माझ्याशी बोलायचा प्रयत्न केला. दोन्ही बाजूंना हे कळलं पाहिजे." अख्खं माबुले मान वळवून माझ्याकडे बघायला लागलं. मी खोत्लातल्यासारखा उठलो, "पुला!" असं, पाऊस पडो म्हणून, सभेच्या रीतीनं ओरडलो आणि बोलायला लागलो. तेव्हा शिपायानं हाताला धरून बसवलं. आजींच्या वकिलानं कपाळावर हात मारला, आणि मग तोच म्हणाला, "यांना साक्षीदार म्हणून घेऊ." समोरच्या वकिलाचीही हरकत नव्हती. (ती का नव्हती, हे मला पाच मिनिटांत कळलं.)

सातही पानं मी तोंडपाठ म्हटली. बायकांनी डोळे पुसले. मग ओलेबिलेचा वकील उठला. कोवळा पोरगा, आवाजही मऊ. त्यानं विचारलं, "मास्तर, तुम्ही शेजारी राहता. आजींना किती दिसतं?"

अक्का, हे सात पानांत नव्हतं. मी मुद्दामच घातलं नव्हतं. म्मा-तेबोगो समोर बसल्या होत्या, चेहरा माझ्याकडे, पण माझ्यापासून हातभर बाजूला. मी शपथ घेतली होती. म्हणालो, "अंगणातली कोंबडी दिसते. तांदळातला खडा दिसत नाही. चूल पोर पेटवते. मार्चमध्ये तिचा हात भाजला."

वकील आभार मानून खाली बसला. तेव्हा मला कळलं, की आपण खोत्लात बोलतो ते खोसींच्या कानात नाही बोलत. ज्याच्याविरुद्ध बोलायचं तो समोर बसलेला असतो, तो उलटून विचारतो, आणि सगळं गाव ऐकतं. मी तर सात पानं घेऊन मागच्या दारानं निघालो होतो.

निकाल परवा लागला. पोर सध्या आजीकडेच, सुट्टीत बापाकडे. मात्र सहा महिन्यांत आजींच्या डोळ्यांवर उपचार व्हायला हवेत, आणि घरी गॅसची शेगडी हवी. ओलेबिले त्याच संध्याकाळी शेगडी घेऊन आला. स्वतः जोडून दिली. गेला तेव्हा पोर फाटकापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेली.

तुझा,
मोदिरी

ता. क. तू डोळ्यांच्या वॉर्डात थोरली नर्स आहेस, तर म्मा-तेबोगोंना लवकरची तारीख मिळवून दे. रांग मोडून नको, पण रांग कुठून सुरू होते ते तरी सांग. पत्र त्यांच्या नावे टाक, माझं नाव काढू नकोस. कोर्टापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत.

ता. क. २. काल त्यांनी ओनालेन्नाच्या हाती वाडगाभर पालेभाजी पाठवली. निरोप काही नाही. मीठ दोनदा पडलं होतं. मी सगळी खाल्ली. याचा काही अर्थ होतो का?

ता. क. ३. सात पानांत आणखी एक गोष्ट नव्हती, ती तू ओळखली असशीलच. मामांना घेऊन ये आणि म्मा-तेबोगोंच्या भावांच्या अंगणात रीतसर बसून माझ्यासाठी त्यांना मागणी घाल. नाही म्हणाल्या तरी मी सगळ्यांसमोर ऐकेन. फक्त डोळ्यांचं आधी होऊ द्यावं, म्हणजे त्या मला नीट बघून ठरवतील? की बघायच्या आधीच विचारलेलं बरं? तुझं मत कळव. मी न्यायाधीश नाही, मला थेट सांगितलेलं चालतं.