घोडीच्या पायांनी आलेला संदेश

ती. वन्सं अनारकान यांस,

तुर्सुनायचा प्रभूच्या नावे सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत? गवत कापून झालं का? इकडे सगळं ठीक, म्हणजे हे जाऊन सत्तेचाळीस दिवस झाले आणि मी अजून चहाचे दोन वाडगे मांडते. त्याविषयी जास्त लिहीत नाही.

घोडीचं मात्र लिहायलाच हवं. रविवारी मंडळीत सागिनभाऊ उभे राहिले (ते उभे राहिले की बायका विणकाम काढतात). म्हणाले, "प्रभू माझ्याशी बोलला. तुर्सुनायची पांढरी घोडी माझी आहे. खूण म्हणून काल ती आपण होऊन माझ्या दाराशी थांबली." थांबली होती हे खरं, वर मीच बसले होते. ह्यांच्यामागे माझं ऐकून घेणारी तीच एक उरली आहे, पण देवाला नाही कसं म्हणायचं?

पाळक एसेन म्हणाले, "सागिन, संदेश पारखून घ्या, असं शास्त्रच सांगतं. आणि प्रभू हे मालकिणीला का नाही बोलला? तिचं घर त्याला सापडेना का?" शेवटी ठरलं, खूण पारखायला घोडी मोकळी सोडायची. ती निघाली, मागे सगळी मंडळी. सागिनभाऊंच्या दाराशी थांबली. त्यांनी दोन्ही हात वर केले. पण ती पुढे निघाली आणि पाळकांच्या दाराशी थांबली, तेव्हा पाळक नुसतेच खोकले. मग सरळ मुल्लांच्या दाराशी जाऊन उभी! मुल्ला बाहेर आले नि म्हणाले, "अरे, तुर्सुनायचा मेदेर दर शुक्रवारी असाच फेरीने कुमिस प्यायला यायचा. बिचारीला सवय राहिली. उभे काय राहिलात, आत या!"

सगळ्यांनी त्या घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा वाडगा घेतला. सागिनभाऊंनी तीन. पाळक म्हणाले, "ह्या खुणेने पाहिलं तर प्रभूची मर्जी मुल्लांवरच जास्त, सर्वांत जास्त वेळ ती इथेच थांबली." मुल्ला इतके हसले की ठसका लागला. मीही हसले, ह्यांच्यानंतर पहिल्यांदाच. घोडी माझ्याकडेच राहिली.

तुमची,
तुर्सुनाय

ता. क. सागिनभाऊंना नवा संदेश आला आहे. या वेळी खोगिराविषयी.

ता. क. परत येताना मी लगाम सैलच ठेवला होता. घोडी आणखी एका दाराशी थांबली, पुलापलीकडच्या विधवा बुरुलच्या. तिच्याकडे दुभती घोडी कधीच नव्हती, मग तिथे कुमिस कुठला? तुम्ही ह्यांच्या सख्ख्या बहीण. काय ते कळवा. दर्शन-दृष्टान्त नको, साधं पत्र पुरे.