निळ्या ड्रमातलं पाणी

मंगळवार, गेवराई.

मी पाळलेल्या प्रवाळांच्या काचेच्या टाकीसाठी समुद्राचं पाणी घरीच बनवायचं, म्हणून सकाळी मोरीजवळ निळा ड्रम मांडला. फिल्टरचं पाणी भरलं, खास मीठ टाकलं, ढवळायला आत छोटा पंप सोडला. पाणी काचेसारखं दिसत होतं. झाकण तेवढं राहिलं.

मी बाहेर गेलो आणि शेजारच्या सुमनकाकू पाणी मागायला आल्या. नळ आलाच नव्हता. आईनं त्याच ड्रमातून हंडा भरून दिला. पंप बघून तिला वाटलं, पाणी वर चढवायला लावलाय. काकूंनी त्यात डाळ शिजवली.

संध्याकाळी रिकामा हंडा दारात ठेवून म्हणाल्या, "खारं हाय म्हणून सांगायचं ना. डाळ गेली." एवढंच. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? उद्या टाकीला हंडाभर पाणी कमी पडणार. असा कसा मी?

ड्रमावर कागद चिकटवला, 'पिऊ नये'. आईनं तो वाचला आणि म्हणाली,

"बोअरचं खारं म्हणून फिल्टर बसवला. गोड झालं तर तूच मीठ टाकलंस. आता दारी हंडा घेऊन आलेल्या बाईला काय दावू, हा कागद?"