बोट हिचं, नाव माझं

४ एप्रिल, सकाळी ७
लेकीने यंत्र पाठवलं. काडेपेटीएवढं. नखाएवढ्या चिपवर रक्ताचा थेंब ठेवायचा, की साखरेचा आकडा थेट डॉक्टरांच्या आणि लेकीच्या फोनवर. मध्ये माझा हात लागायला जागाच नाही. हा सरळसरळ अविश्वास. असो. आजपासून गोड बंद.

४ एप्रिल, दुपारी ४
ऑफिसात हेडक्लार्कचा वाढदिवस. केक. नाही म्हणणं उद्धटपणाचं दिसलं असतं. दुसऱ्या तुकड्याला तर फारच.

५ एप्रिल
उपाशीपोटी १९४. पाच मिनिटांत लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, काल काय हादडलंत? यंत्र चहाडखोर आहे.

६ एप्रिल
हिला सांगितलं, यंत्र नीट चालतंय का हे ठणठणीत माणसाच्या रक्तावर बघावं लागतं. हिने ओला हात पुसला आणि कुठलं बोट, एवढंच विचारलं. ११८. लेक म्हणाली, शाब्बास बाबा! जरा लाजल्यासारखं झालं. सोमवारपासून माझंच बोट.

१२ एप्रिल
सोमवार येऊन गेला. पण याला खोटं म्हणता येणार नाही. आकडा खरा, रक्त घरचंच.

१५ एप्रिल, दुपारी ३:१०
डॉक्टर म्हणाले, आता जेवणानंतर दोन तासांनी बघा. हिचं बोट. २३८. यंत्र बिघडलं. पुन्हा पाहिलं, २४१. बिघडलेलं यंत्र इतकं ठाम नसतं.
डॉक्टरांनी माझी गोळी वाढवली. मुकाट्याने घेतली. प्रायश्चित्त म्हणून.

१९ एप्रिल
ही सारखी पाणी पितेय. म्हणते, उन्हाळा किती वाढलाय. मीही म्हणालो, वाढलाय खरा.
उद्या सांगणार.

२२ एप्रिल
सांगायच्या आधी गुपचूप माझं बोट टोचून पाहिलं. १६२! गोळीचा गुण. प्रामाणिकपणा परवडायला लागला, म्हणून तोच पाठवला. लेक म्हणाली, बाबा, करून दाखवलंत! हिने सगळ्या मैत्रिणींना फोन करून माझं कौतुक सांगितलं. जेवण गेलं नाही.

२५ एप्रिल
जिन्यात हिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पायरीवरच बसली. तिथेच सगळं सांगून टाकलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. बोटावरच्या टोचल्याच्या खुणा बघितल्या. मग म्हणाली, म्हणजे डायबेटिस मला, आणि दहा दिवस वापरलात तुम्ही?

२६ एप्रिल
दवाखाना. डॉक्टरांनी हिला विचारलं, साखर कधीपासून वाढलीय? ही म्हणाली, ह्यांना विचारा, सगळं ह्यांच्याच नावावर आहे.
मी तारीख सांगितली. वेळेसकट.