वाडीचा वाटा

पेडगाव, पौष वद्य पंचमी, संध्याकाळ

आज वाडी धरून तीन गावांनी मिळून आपापल्या शाळांचे पंच निवडले. खर्च नेहमीसारखा वाटून; जेवणाची जवारी वाडीकडं. पण वाडीतली शाळेची सगळी पोरं यंदा पटकीच्या साथीत दगावली, शाळाच बंद. तरी वाडीचे रामजीकाका जवारीचं पोतं घेऊन आलेच.

"काका, यंदा राहू द्या की," मी म्हणालो.

"न्हाई मास्तर. वाटा न्हाई तर मत न्हाई. मंग वाडीला पुन्ना साळा कोन मागंल?"

मी पोतं उतरवून घेतलं. पण खरी चूक पुढंच झाली. उरलेल्या भाकरी गावोगावच्या पोरांसाठी बांधून द्यायची आमची रीत. सवयीनं मी वाडीचंही गाठोडं बांधलं आणि काकांच्या हातात दिलं. दिल्यावर उमगलं. त्यांनी ते छातीशी धरलं नि निघाले.

ते गाठोडं वाडीत कुणापुढं सोडतील?