पास देणारा भाऊ

३ मार्च

चि. लंबूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

बाबा जाऊन महिना होत आला. त्यांची खुर्ची अजून टीव्हीसमोरच आहे, हलवावीशी वाटत नाही. तुझे सामने मी बाजूच्या स्टुलावर बसून बघते, त्यांच्यासारखाच आवाज बंद करून.

आमच्या वीज कार्यालयात तुझं फार कौतुक चाललंय. वडील गेले आणि मुलगा सुधारला, असं हेडक्लार्क म्हणाले. एवढा मोठा बास्केटबॉलपटू, पण आता स्वतः बास्केट न मारता सगळ्यांना पास देतो म्हणे. मी नुसती मान डोलावली.

पण लंबू, मला हे पचत नाही. लहानपणी तू वाटीतल्या सगळ्या गोळ्या आधी चाटून ठेवायचास, कुणी मागू नये म्हणून. बाबा म्हणायचे, याच्या हातात गेलेला चेंडू म्हणजे मुदतठेव. असा माणूस महिन्याभरात बदलतो? बाबांना खांदा देताना तू मुद्दाम बाजू बदलून घेतलीस. नंतर चहाचा कप डाव्या हाताने उचललास आणि बरणीचं झाकण माझ्याकडे सरकवलंस. तेव्हा बोलले नाही. आता विचारते, उजव्या मनगटाला काय झालंय?

लोभ असू दे. त्याआधी उत्तर असू दे.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तू वीज कार्यालयात नको, पोलिसांत हवी होतीस. मनगटाला काही झालेलं नाही. चेंडू धरून ठेवला तरी तुम्ही बोलणार, वाटून दिला तरी बोलणार. मी बाबांसाठी खेळतोय. रविवारचा अंतिम सामना त्यांच्यासाठी जिंकायचाय. आमच्या राखीव गड्याची, चिमण्याची, तयारी बरी आहे. पण एवढा मोठा सामना त्याला झेपायचा नाही. तू गुडघ्याचं औषध वेळेवर घे.

तुझ्या रागावरही हक्क सांगणारा,
लंबू

१२ मार्च

चि. लंबूस,
आशीर्वाद.

मी मनगटाचं विचारलं होतं. चिमण्याचा विषय तू का काढलास?

शेवटच्या क्षणी चेंडू तुझ्याकडेच येणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो तुला टाकता येणार नाही, हे फक्त तुला आणि मला. बाकीचे तुझ्या भरवशावर धावतील. तुझा आधीचा हावरटपणा परवडला, निदान दिसत तरी होता.

आणि बाबांना मध्ये ओढू नकोस. त्यांना आता नाही म्हणता येत नाही.

प्रशिक्षकांना तूच सांग. मी कुणाला काही बोलणार नाही.

ताई

१७ मार्च

चि. लंबूस,
अनेक आशीर्वाद.

सामना पाहिला. तू बाकावर दिसलास, तेव्हा आधी वाटलं रुसून बसला असशील. मी तोंडाकडे बघत राहिले तुझ्या. मग चिमण्याने लांबून बास्केट मारली आणि सगळ्यांच्या आधी तू उठलास. उजवा हात गळ्यात बांधलेला, म्हणून डाव्या हाताने मांडीवरच टाळ्या पिटत होतास.

एका बास्केटने हरलात. आज हेडक्लार्क म्हणाले, तुमच्या भावाने ऐन वेळी स्वतःपुरतं पाहिलं, दुखतं म्हणून बसून राहिला. मी मान डोलावली नाही.

हात बरा होईपर्यंत घरी ये. बाबांच्या खुर्चीत बस. बरण्या मी उघडून देईन.

तुझी ताई