इस्त्री केलेला निरोप

दि. ११ मार्च, मंगळवार, दुपार

प्रिय रेघोबास,
तुझ्या हॅलोबुवाचा नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून फूटपट्टीने ओढल्यासारखंच. नकाशे काढणाऱ्याचा हात तो! माझं वयाला शोभेल असं चाललंय. सून म्हणते, "बाबा, गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, शाळेतल्या कविता बऱ्या आठवतात!"

मी ज्यावर बसायचो तो ऑफिसातला टेलिफोनचा बोर्ड मोडीत निघाला म्हणे. माझ्या कानातला मात्र चालूच आहे. दुपारी आडवा झालो की खरखर होते आणि पलीकडे एक बाई श्वास घेते. बोलत नाही. परवा मी मोठ्याने म्हणालो, "बोला, निरोप लिहून घेतो," तर सून पाणी घेऊन धावत आली.

तू लिहितोस, बहीण अंथरुणाला खिळली आहे, पण जाणार नाहीस. 'आईच्या वेळी जिने मला अंधारात ठेवलं आणि वर खोटं बोलली, तिचं तोंड बघायचं नाही.' हे वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला.

आपला नियम तुला ठाऊक आहे. साहेबांची मीटिंग चालू असली की आत फोन द्यायचा नाही. निरोप कच्च्या कागदावर घ्यायचा, पलीकडच्याला वाचून दाखवायचा आणि चिठ्ठीवर उतरवून शिपायाहाती पाठवायचा. उतरवताना मला राहवायचं नाही. रुक्ष निरोपाला जरा इस्त्री करायचो. 'ताबडतोब या'चं 'आपली वाट पाहत आहोत' व्हायचं. सगळे म्हणत, हॅलोबुवाची चिठ्ठी म्हणजे अत्तराचा फाया. मी फुलून जायचो.

त्या दिवशी तुझ्या चिठ्ठीत होतं, 'आईंची प्रकृती जरा नरम. तुझी आठवण काढतात. सवडीने येऊन जावे.' तू हातातला नकाशा पुरा केलास आणि दुसऱ्या सकाळी निघालास. आई आदल्या संध्याकाळीच गेल्या होत्या.

'सवडीने' माझं होतं, रेघोबा.

तुझी बहीण फोनवर म्हणाली होती, "दादाला सांगा, आई जातेय. हातातलं टाक आणि आत्ता निघ." मी जसंच्या तसं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हो, अस्संच लिहा." मग एक श्वास घेतला आणि फोन ठेवला.

'जातेय' हा शब्द माझ्याने लिहवेना. भर मीटिंगमध्ये तू ते वाचणार, हे डोळ्यांपुढे आलं. हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. चिठ्ठी लिहून झाल्यावर मी ती दोनदा वाचली. मला ती आवडली होती.

महिन्याने तू चिठ्ठी घेऊन बोर्डापाशी आलास. "ती म्हणते, 'आत्ता निघ' म्हणून सांगितलं होतं. तू ऐकलंयस. काय ते सांग." बोर्डावर दिवा लागला होता. मी दोरी खोचून फोन जोडला आणि तुझ्याकडे न बघता म्हणालो, "चिठ्ठीत आहे तेच."

माझ्या त्या तीन शब्दांवर एकतीस वर्षं तू तिला खोटं ठरवत आलास.

हे सगळं काल तिलाही लिहून टाकलं आहे. तू दारात उभा राहिलास, तर तिला पुन्हा काही पटवून द्यावं लागू नये. मला काय बोलायचं ते मागाहून बोल, मी ऐकून घेईन. आधी तिच्याकडे जा.

मित्र म्हणून सही करायला हात धजत नाही. म्हणून नुसताच,
बोर्डावरचा माणूस