फ्रिजवरचा तक्ता

दादा,

चार दिवसांनी आज सकाळी सातला परत आले. तू घोरत होतास. उठवलं नाही, कारण तोंडातून नको ते गेलं असतं.

भुऱ्या गेला. बिचाऱ्या सशाला टॉवेलात गुंडाळून बाल्कनीतल्या खोक्यात ठेवलंय. खड्डा तरी तू खण.

ठिपकी अजून तग धरून आहे. तिच्याही आतड्यात तेच जंतू आहेत. लेंड्या रोजच्या रोज काढायच्या, दोन दिवस राहिल्या की त्यातूनच पुन्हा लागण होते, हे डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासमोरच बजावलं होतं. पिंजऱ्यात चार दिवसांच्या लेंड्या आहेत. आता तरी ट्रे उकळत्या पाण्याने धू, हात साबणाने धू आणि तिला ड्रॉपरने औषध पाज. बाटलीचं सील तुलाच फोडावं लागेल.

फ्रिजवरचा तक्ता मात्र झकास भरलायस. ट्रे धुतला, औषध दिलं, खाल्लं, सगळीकडे बरोबरच्या खुणा. आज संध्याकाळच्या रकान्यातसुद्धा! तुझ्या हिशेबाने भुऱ्या आज दोन्ही वेळा पोटभर जेवलाय.

त्याच्या शेजारी बाबांच्या गोळ्यांचा तक्ता आहे. तोही आज रात्रीपर्यंत भरलेला आहे. म्हणून बाबांना घेऊन दवाखान्यात चाललेय. फोन करू नकोस, मीच करेन.

मी बाबांना खोदून खोदून विचारलं, तर म्हणाले, "देतो गं तो वेळच्या वेळी. उगाच त्याच्यावर चिडू नकोस."

पाकिटातली एकही गोळी काढलेली नाही.